माघारी आणलेल्या ग्रुपचे पैसे कोण देणार? वाईच्या पश्चिमेच्या एका गावातल्या गाइड पोरांचं प्रकरण

हे प्रकरण वाई तालुक्यातल्या पश्चिमेकडच्या एका गावाचं आहे, धोम धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला. गावाचं आणि गडाचं नाव मुद्दाम देत नाहीये, एक तर पोरांचं वनखात्याशी बोलणं अजून चालू आहे, आणि दुसरं म्हणजे नाव टाकलं की पुढच्या शनिवारी तिथे गाड्यांची रांग लागणार हे आपल्याकडे आता सांगायला नको. तिथल्या पोरांना गाइडचं ट्रेनिंग देणाऱ्यांमध्ये मी होतो, आणि ज्या दिवसाबद्दल लिहितोय त्या दिवशी गावातच होतो, वर गडावर नव्हतो.

आधी गावाची परिस्थिती, थोडक्यात. भाताची खाचरं, थोडी हळद, आणि ज्यांच्याकडे उन्हाळ्यापर्यंत पाणी टिकतं त्यांची स्ट्रॉबेरी. बाकी घरटी एक तरी माणूस मुंबईला, त्यात जुनी पिढी माथाडी आणि नवी पिढी डिलिव्हरी नाहीतर सिक्युरिटी. गावात तरुण पोरं दिसतात ती जत्रेला. गडावर ट्रेकवाले पहिल्यापासून यायचे पण त्यांच्याबरोबर त्यांचाच लीडर असायचा, माणशी फी पुण्यात ऑनलाइन जमा व्हायची आणि गावाला मिळायचं काय तर चहा, पिठलं-भाकरीची ताटं आणि रविवारी संध्याकाळी वेचायला बाटल्या. लीडर चुकला की मात्र रात्री आठ वाजता सरपंचांना फोन, "आमची माणसं जंगलात अडकलीत, कोणाला तरी पाठवा." मग बॅटऱ्या घेऊन फुकटात वर जायचं ते गावातल्याच पोरांनी. हे एवढं वर्षानुवर्षं चाललं होतं की कोणाला त्यात चुकीचं काही वाटतही नव्हतं.

तर ट्रेनिंग. अशी ट्रेनिंगं आपल्या जिल्ह्यात कमी होत नाहीत, पण बहुतेकांचा शेवट बॅनरसमोर फोटो, सर्टिफिकेट आणि टी-शर्ट असा असतो आणि पुढच्या महिन्यात तो टी-शर्ट रानात कामाला घातलेला दिसतो. यावेळी आम्ही ठरवलं की डोंगर शिकवायचा नाही. डोंगर त्यांना आपल्यापेक्षा जास्त येतो. कुठल्या झऱ्याला मार्चपर्यंत पाणी असतं, गवे कुठून उतरतात, कुठली वाट पावसात ओढ्यात जाते, यातलं मी त्यांना काय सांगणार. त्यांना येत नव्हतं ते माणसं सांभाळणं, आणि ते सुद्धा पैसे देणारी माणसं, जी वयाने मोठी, शहरातली, फाडफाड बोलणारी असतात.

म्हणून बराचसा वेळ साध्या गोष्टींवर घालवला. निघताना डोकी मोजायची आणि प्रत्येक थांब्यावर परत मोजायची. एक जण पुढे, एक जण शेपटीला, आणि शेपटीवाल्याच्या मागे कोणीही राहायचं नाही, फोटोसाठी सुद्धा नाही. प्रत्येकाची पाण्याची बाटली स्वतः डोळ्यांनी बघायची कारण "आहे दादा पाणी" म्हणणाऱ्याच्या सॅकमध्ये अर्ध्या लिटरची बाटली निघते. नेटवर्क कुठल्या टेकाडावर येतं ते कागदावर काढून ठेवायचं. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, चावलेला हात-पाय हलू द्यायचा नाही, वेळ लिहून ठेवायची आणि माणसाला उचलून दवाखान्यात न्यायचं. आपल्या भागात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, या चारांवर दवाखान्यातली लस चालते, झाडावरच्या हिरव्या चापड्यावर ती लस बनवलेलीच नाही, पण त्याच्याने माणूस दगावल्याचं सहसा होत नाही, हे सांगितलं तेव्हा एका आज्जीने मागून विचारलं, "मग आमच्या देवळातला अंगारा कशावर चालतो?" तिला उत्तर पोरांनीच दिलं, की आज्जी, अंगारा लाव पण गाडीत बसवून लाव. मला हे उत्तर फार आवडलं आणि नंतर मी ते दुसरीकडेही वापरलं.

सगळ्यात कामाला आला तो उचलून आणायचा सराव. दोन मजबूत बांबू, एक घोंगडी, त्यात त्यांच्यातलाच ऐंशी किलोचा एक गडी झोपवला आणि खालच्या टप्प्यातून देवळापर्यंत आणायला लावला. सहा जण लागले, दर थोड्या वेळाने हात बदलावे लागले, आणि देवळापाशी पोचेपर्यंत सगळे घामाने निथळत होते. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या डोक्यात शिरलं की वर कोणाचा पाय मोडला तर खाली यायला अख्खी दुपार जाते. इतिहासाचं लेक्चर मात्र पार फुकट गेलं. बाहेरून आणलेल्या माणसाने तासभर सनावळ्या सांगितल्या, पोरं झोपली, आणि गडावर गेल्यावर त्यांनी लोकांना तेच सांगितलं जे त्यांच्या आज्याने सांगितलं होतं. लोकांनाही तेच ऐकायचं असतं. फक्त "सनद-बिनद कुठे पाहिलेली नसेल तर म्हणतात असं म्हणा, ठोकून देऊ नका" एवढंच सांगणं बास झालं असतं.

आणि एक गोष्ट होती, परतीची वेळ. म्हणजे अमुक वाजता आपण जिथे असू तिथून मागे फिरायचं, माथा शंभर पावलांवर असला तरी. ही वेळ निघायच्या आधी सगळ्यांसमोर सांगायची. पोरांनी मान डोलवली, सरावात पाळलीही. पण सरावात समोर पैसे देणारा माणूस नव्हता.

आता तो दिवस. फेब्रुवारीतला रविवार. पुण्याहून एका कंपनीतला चोवीस जणांचा ग्रुप, एका आयोजकाने आणलेला. सकाळी सातला पायथ्याला पोचायचं ठरलं होतं, बस आली साडेदहाला, कारण वाटेत मिसळीला थांबले आणि मग वाईला घाटावर, गणपतीला. ठीक आहे, देवदर्शनाला कोण नाही म्हणणार. गावातले दोन गाइड होते. एक पंचविशीतला, मुंबईत चार वर्षं काढून परत आलेला, त्याला आपण थोरला म्हणू. दुसरा त्याच्यापेक्षा लहान, स्ट्रॉबेरीची तोडणी भावावर टाकून आलेला, तो धाकटा. थोरल्याने देवळापुढे सगळ्यांना उभं करून सांगितलं की उशीर झालाय, दोन वाजता जिथे असू तिथून मागे. आयोजक म्हणाला, "हो हो दादा, बघू वर गेल्यावर."

चढ लागला की चोवीस जणांचे तीन तुकडे होतात, तसे झाले. खिंडीत पोचायला एक वाजला. खिंडीतून पुढे जंगल संपतं आणि वाट कड्याच्या पोटातून आडवी जाते, एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला दरी, दोन माणसं शेजारी उभी राहणार नाहीत अशी. त्या कातळावर आग्या मोहोळं आहेत, दरवर्षी असतात. थोरला एकटाच पुढे जाऊन बघून आला. त्याने नंतर मला सांगितलं ते असं: मोठ्या पोळ्यावर लाटा उठत होत्या. ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल, माश्या एकामागून एक पोट वर उचलतात आणि सगळ्या पोळ्यावरून काळी-चमकती लाट फिरते, पाण्यावर वारा फिरल्यासारखी. एखादी लाट फिरून थांबली तर काही नाही, पण ती थांबतच नव्हती. वर एक पक्षी घिरट्या घालत होता, बहुतेक मधुबाज, मोहोळांवर झडप घालणारा. तो मागे खिंडीत आला तर तिथे सेंटचा घमघमाट, दोन-तीन जणांनी घाम आला म्हणून डिओ मारलेला, आणि एक जण लायटर हातात घेऊन झाडाखाली उभा.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण शहरातल्या लोकांना मधमाशी म्हटलं की एक-दोन डंख एवढंच वाटतं. आग्या माशी डंख मारते तेव्हा काटा अंगातच सोडते आणि त्या काट्याच्या वासाने बाकीच्या माश्या त्याच माणसावर येतात. उपाय सगळ्यांना पाठ असतात: हात हलवायचे नाहीत, तोंड आणि मान कापडात गुंडाळायची, लवकरात लवकर तिथून लांब निघायचं, काटे मिळतील तसे पटापट खरवडून काढायचे, डंख जास्त असतील किंवा अंगावर गांधी उठून श्वास लागत असेल तर सरळ दवाखाना. पण कड्याच्या आडव्या वाटेवर लांब निघायला जागा कुठे आहे? घाबरून पळालेला माणूस डंखाने नाही, पडून मरतो. म्हणजे अशा जागेवर खरा उपाय एकच, तिथे जायचंच नाही.

थोरल्याने सांगितलं, माघारी. दीडच वाजला होता, दोन सुद्धा नाही. मग सुरू झालं.

"अरे दादा, समोर दिसतोय की दरवाजा."

"दिसतोय सर, पण मोहोळ उठायला आलंय."

"आम्ही गपचूप जाऊ, एकेक करून."

"चोवीस माणसं गपचूप न्हाय जात सर. आन परत यायचं बी तिथनंच हाय."

आयोजक तापला. त्याचं म्हणणं, माणशी पैसे घेतलेत ते गडावर न्यायचे घेतलेत, खिंडीत बसवायचे नाही, आणि ही लोकं मला रिव्ह्यू काय देतील. ग्रुपमधले निम्मे म्हणत होते जाऊया, निम्मे आधीच दमलेले, एक बाई गुडघा धरून बसलेल्या, पण आयोजकासमोर कोणी बोलेना. धाकट्याने एक शहाणपणाचं काम केलं, भांडणात न पडता तो वाटेच्या तोंडाशी जाऊन बसला, पाय पसरून. त्याच्यावरून ओलांडून कोण जाणार? पंधरा-वीस मिनिटं अशीच गेली आणि मग सगळे खाली उतरले. कोणाला काही झालं नाही. एक ओरखडा नाही.

आणि भांडण झालं ते नेमकं त्यामुळेच. खाली आल्यावर आयोजकाने दोन्ही गाइडचे पैसे द्यायला नकार दिला. "गड झालाच नाही तर कसले पैसे?" जेवणाचे दिले, गाइडचे नाही, आणि बस निघून गेली. माश्या उठल्या असत्या तर थोरल्याचं गावभर कौतुक झालं असतं, पेपरात नाव आलं असतं. माश्या उठल्याच नाहीत म्हणून तो भित्रा ठरला. माघारी फिरायचा निर्णय बरोबर होता हे सिद्ध करायला काहीच पुरावा नसतो, कधीच नसतो, डोंगरात काम करणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत आहे.

संध्याकाळी पारावर बैठक बसली. मला वाटलं होतं गाव त्या आयोजकाला शिव्या घालेल. तर तसं नाही. थोरल्याचे वडील पहिले बोलले, "तुझ्या आज्यानं त्याच कड्यावरनं मध काढलाय रातचा, आन तू दिवसा माणसं नेईना?" चुलते म्हणाले गिऱ्हाईक तोडलंस, आता तो दुसऱ्या गडावर जाईल. धाकट्याच्या भावाचा मुद्दा अजून सरळ होता: दिवसभराची तोडणी बुडाली, माल मऊ पडला, आणि हातात शून्य. याला उत्तर द्यायला कोणाकडे काही नव्हतं आणि माझ्याकडेही नव्हतं. ट्रेनिंगमध्ये आपण पोराला सांगतो की माघारी फिर, पण फिरल्यावर त्याच्या घरी त्या दिवशीचं काय, हे कोणी सांगत नाही. पोराचे पैसे माथ्यावर अवलंबून असतील तर दहातल्या आठ वेळा तो माथ्यावर नेणारच, तो बेजबाबदार आहे म्हणून नाही, त्याला घर आहे म्हणून. हिमालयातलं महागडं ट्रेनिंग दिलं तरी हे बदलत नाही.

तोडगा निघाला तो बैठकीतल्या एका म्हाताऱ्या बुवांकडून, ज्यांनी आयुष्यभर मुंबईत माथाडीचं काम केलं. ते म्हणाले, आमच्याकडं टोळीचा हिशोब असायचा, माल उशिरा आला तर काय हमालाचा दोष? बोर्डाकडं पैसे भरायचे मालकानं, आन आमाला बोर्डाकडनं. १९६९ च्या माथाडी कायद्याचं हे तत्त्व, मालक आणि कामगार यांच्यामध्ये तिसरा एक हिशोब ठेवणारा. ट्रेकिंगच्या गाइडला ते लागू करायचं माझ्या डोक्यात जन्मात आलं नसतं.

मग ठरलं ते असं. ग्रुपचे पैसे एकट्या गाइडच्या हातात नाही तर पोरांच्या गटाकडे, आणि निघायच्या आधी, देवळापाशी, पूर्ण. पैसे दिवसाचे, माथ्याचे नाही. एक कागद, त्यावर ग्रुपची डोकी, निघायची वेळ, परतीची वेळ, आणि खाली ग्रुपच्या म्होरक्याची सही की वाटेत गाइड फिर म्हणाला की फिरायचं. प्रत्येक ग्रुपमागे थोडी रक्कम एका डब्यात बाजूला काढायची, आणि कोणी पैसे बुडवले, किंवा सकाळीच वादळ बघून ट्रेक रद्द केला, तर त्या गाइडची हजेरी त्यातून द्यायची. थोरल्याची आणि धाकट्याची त्या रविवारची हजेरी हीच त्या डब्यातली पहिली उचल होती, डब्यात तेव्हा पैसे नव्हते म्हणून सगळ्यांनी वर्गणी काढली, आणि वर्गणी काढणाऱ्यांमध्ये थोरल्याचे वडीलही होते, कुरकुरत का होईना.

दुसरी गोष्ट पाळीची. बामणोलीला वासोटा किल्ल्याकडे जाणाऱ्या बोटी जशा नंबराने लागतात तसे गाइड नंबराने. ज्याचा फोन नंबर जास्त लोकांकडे आहे त्यालाच सगळं काम, असं नको. पण यात एक सवलत ठेवली जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: जुलैत भातलावणी आणि डिसेंबरपासून स्ट्रॉबेरीची तोडणी, या दिवसांत ज्याच्या घरी काम आहे त्याने पाळी बदलून घ्यायची, नंबर जात नाही. आपल्याकडे पर्यटनाच्या योजना लिहिणारे लोक असं धरून चालतात की पोरगं रिकामंच बसलंय. ट्रेकचा सीझन आणि शेताचा सीझन एकमेकांच्या बोकांडी बसलेले असतात, पावसाळी ट्रेकची गर्दी ऐन लावणीत आणि हिवाळ्याची ऐन तोडणीत. हे जमवलं नाही तर पोरं पहिल्या वर्षीच गळतात. गाइडकी हा त्यांचा जोडधंदा आहे, शेती सोडून करायचा धंदा नाही, आणि तसाच राहिलेला बरा असं माझं मत आहे, कारण एखाद्या पावसात दरड कोसळून वाट बंद झाली की अख्खा सीझन जातो.

कागद आल्यावर काय झालं? काही आयोजक यायचे बंद झाले, हे खरं आहे. चुलत्यांचं म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबर निघालं. जे नेमाने ग्रुप आणतात आणि ज्यांना स्वतःलाच माणूस अडकायची धास्ती असते त्यांना मात्र कागद आवडला, कारण आता "गाववाले सोडत नाहीत" असं आपल्या गिऱ्हाइकाला सांगता येतं. दोष गावावर ढकलून सगळेच सुखी. पोरं आता सकाळी उशिरा आलेल्या ग्रुपला खिंडीपर्यंतचाच ट्रेक देतात, आधीच सांगून, आणि खिंडीतून पाणी आणि पलीकडचे डोंगर बघून लोक खूश होऊन जातात. मोहोळांच्या दिवसांत पुढची वाट बंद, सेंट आणि बिडी-सिगरेट देवळापाशीच काढून ठेवायची. यावरून अजूनही हसतात लोक, पण काढून ठेवतात.

सगळं गोड झालंय असं नाही. गटातलाच एक पोरगा बाहेर पडलाय, इन्स्टावर त्याचे व्हिडिओ चांगले चालतात आणि तो परस्पर ग्रुप घेतो, कमी पैशात, कागदाशिवाय. त्याला अडवायचा अधिकार गटाला नाही, गड काही गटाच्या मालकीचा नाही. कास पठारासारखं करता येईल का हा विचार आहे, तिथे आसपासच्या गावांच्या समित्या वनखात्याबरोबर मिळून प्रवेश आणि गर्दी सांभाळतात, बुकिंग ऑनलाइन, गावातल्या लोकांना सीझनभर काम. पण कास २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि तिथे फुलांच्या सीझनला लोटणारी गर्दी वेगळीच, आडबाजूच्या गडाला तेवढं वजन कुठलं. शिवाय साहसी पर्यटनाचं राज्याचं धोरण ऑगस्ट २०२१ ला आलं, त्यात पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते, ती गटाच्या नावाने करायची म्हटली की विमा आला, प्रशिक्षणाचे कागद आले, फी आली. दहा-बारा पोरांना हे एकट्याने जड आहे, शेजारची दोन-तीन गावं एकत्र आली तर जमेल, पण शेजारच्या गावाशी पाण्यावरून जुना वाद आहे आणि तो गाइडकीने मिटणार नाही.

मुलींचं सांगायचं राहिलं. ट्रेनिंगला दोन होत्या, दोघी चांगल्या, एक तर चढायला सगळ्यात चपळ. पाळीच्या वहीत दोघींची नावं नव्हती, का तर "बायकांचा ग्रुप आला की बोलवू". बायकांचे ग्रुप येतात, पण पाळी लागते पोरांचीच. गेल्या बैठकीत त्या चपळ पोरीने स्वतःच वही ओढून आपलं नाव लिहिलं, सातव्या नंबरावर, आणि कोणी खोडलं नाही. तिच्या आईचा आक्षेप आहे की अनोळखी माणसांबरोबर जंगलात एकटी नको, म्हणून तिच्या पाळीला दुसरा गाइड कोण असेल हे आधी ठरवायचं, असा विषय निघालाय. दुसरा विषय दराचा, डिझेल आणि जेवणाचा खर्च वाढलाय आणि हजेरी तीच आहे. दोन्ही विषय लावणी उरकली की पारावर घेणार आहेत.